पंचेचाळीस सतरा

किष्टूभाऊ कोंडावार मले नावानं हाक मारत नाई.
"पंचेचाळीस सतरा, लागली का गाडी?"
अकरा वर्षं झाली,
त्याच्या तोंडी मी एक नंबर प्लेट.

पांढरकवड्याच्या बायपासले, पंक्चरवाल्याच्या बाजूले टिनाचं दुकान.
दोन फोन, एक कूलर, हिवाळ्यातबी तिथंच,
त्याच्यावर बिल्ट्यांचा गठ्ठा,
गठ्ठा उडू नये म्हून तुटका यू-बोल्ट.
तिथं बसून त्याले कोइमतूर दिसते, हैदराबाद दिसते,
कोणत्या जिनिंगमंदी किती गाठी बांधून पडल्या तेबी दिसते.
मले फक्त रस्ता दिसते.

यंदा माघात काट्यावर उभा होतो.
मुनीम चहा प्याले गेला,
कागद टेबलावर पंख्यानं फडफडत राह्यला.
टनाले बत्तीसशे.
मले सांगतले होते एकोणतीसशे.
सोळा टन. तीनशे गुणिले सोळा.
चवथीत नापास झाल्तो,
हे गणित मात्र उभ्या उभ्या सुटलं.
अन् दलाली वेगळी. मुन्शियाना वेगळा.
ताडपत्रीचा दोर इतका ओढला
का सुधाम म्हणे,
मामा, गाठी हायेत, चोर नाई.

पुढची खेप सरळ केली. मधात कोणी नाई.
मुनिमाचा नंबर, माही गाडी, पुरे बत्तीसशे.
निर्मलचा घाट असा चढलो जसा काई बापाचा हाय.
रात्री ढाब्यावर पनीर मागवलं, सुधामलेबी.

कोइमतूरले गाठी उतरल्या.
गेटवरचा म्हणे, पैसे तुमचा मुनीम देईन.
मुनीम म्हणे, मिलचे आले का देतो.
किती दिवसात?
पाहू.
किष्टूभाऊ गाडी भरली का नव्वद टक्के हातावर ठेवते,
आपलं कापून, पण ठेवते.
"पाहू" डिझेलच्या टाकीत टाकता येत नाई.

चार रात्री पार्किंगमंदी.
"लोड इल्ले", एवढी तमिळ शिकलो.
गाडी जराशी हलवली का रिकामे फाळके वाजत,
सुधाम झोपेत कूस बदले.
मले आठवे कामारेड्डीची ती रात्र, धुरा तुटला तेव्हाची.
दोन वाजता फोन लावला होता,
अन् साडेतीनले मिस्त्री आल्ता, स्कूटरवर,
किष्टूभाऊचं नाव घेत, खिशात पान घेऊन.
त्या पैशाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाई.
एखाद्या भाड्यात वळता केला असन.
केला असन, तरी मिस्त्री तर आल्ता.

पाचव्या दिवशी फोन वाजला.
"पंचेचाळीस सतरा, कुठी हायस?"
"इकडंच."
"इकडं म्हंजे कोइमतूर. करूरले जा.
मच्छरदाण्यांच्या गाठी हायेत, नागपूरच्या.
सेल्वम उभा राहीन गेटवर."
कसं कळलं, ते विचारलं नाई.
विचारलं एवढंच,
"भाऊ, कागदावरचा भाव काय?"

फोनमंदी बायपासवरून एक ट्रेलर गेला,
पुरा, बावीस चाकं.
मंग त्यानं आकडा सांगतला.
खरा असन. नसनबी.

वापस आलो. दलाली मोजून दिली,
त्यानं मोजून घेतली.
सरळ खेपेबद्दल तो काई बोलला नाई,
फक्त पोऱ्याले म्हणे, याले चहा दे, साखर जास्त.
मुनीम अजून पाहूच म्हणते.

दुकानात बसलो का आता खुर्ची जराशी पुढं ओढतो.
वही त्याच्याकडं तोंड करून पडली असते,
अन् मी या उमरीत
उलटं वाचाले शिकून राह्यलो.
सहा अन् नऊमंदी अजून फसतो.